बारानंतर चौदा

अंत्यविधीचं काम बघणाऱ्या बाईंचा मेल आला तेव्हा मी लीड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कालव्यांच्या एका जाडजूड इतिहासाची सूची लावत होते. मेल चार ओळींचा होता. गुरुवारी साडेअकराला चॅपल, वीस मिनिटं, त्यानंतर दफन, विभाग ड, रांग सात, कबर चौदा. खाली नव्या कौन्सिलचं नवं चिन्ह होतं, एक हिरवी रेघ आणि तिला टेकलेली निळी रेघ, बहुधा टेकडी आणि नदी. सगळं बरोबर होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आईला पुरलं त्या कबरीचा हक्कलेख माझ्या खणात होता आणि त्यावरही चौदाच होतं, खुद्द बाबांच्या अक्षरात, कारण आमच्या हॅरोबी गावच्या दफनभूमीची वही तेव्हा बाबाच लिहीत. कबर दोघांसाठी खोल खणलेली होती. खाली आई, वरची जागा बाबांची. मी 'धन्यवाद' असं उत्तर पाठवलं, चहाचा घोट घेतला, 'टोल' या नोंदीपाशी परत आले, आणि तोच पान-आकडा तीनदा लिहून तीनदा खोडला. कारण कळायला थोडा वेळ लागला. जिना चढणाऱ्या माणसाच्या आधी त्याचा खोकला वर यावा तशी भीती आधी आली होती, आणि कारण मागून सावकाश, एकेक पायरी चढत येत होतं.

हॅरोबीत तेरा नंबर नाही. बारा नंबरच्या घरानंतर चौदा. हे कुणी ठरवलं ते कुणी सांगू शकत नाही, पण जुन्या काळी गल्ल्यांना नंबर देताना एखाद्या घराला तेरा देऊन भांडण ओढवून घेण्याची कौन्सिलची तयारी नव्हती, आणि मेलेल्यांना नंबर देताना तर नव्हतीच. दफनभूमीतल्या कुठल्याच रांगेत तेरा नव्हता. शनिवारी सकाळी आई दुकानांत जायची तेव्हा बाबा मला बरोबर न्यायचे. रांगेच्या टोकापासून ते मोजत चालायचे, एका कबरीला दीड पाऊल, आणि मी मागून तीन पावलं टाकत ओरडायची, दहा, अकरा, बारा, चौदा. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी तसंच मोजलं. मिस कॉथर्ननी थांबवून विचारलं, "आणि तेरा कुठं गेला?" मी म्हटलं, "तो नसतो." वर्ग हसला. मिस कॉथर्न हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "औथवेट, तुझ्या वडिलांच्या ग्राहकांना चालत असेल, आम्हाला नाही चालत." त्यानंतर मी तेरा म्हणायला शिकले, पण आजही तो आकडा आला की एखाद्या पायरीवर पाय ठेवताना ती आहे की नाही याची खात्री नसावी तसं मला होतं. आणि सूची लावणाऱ्या बाईला एक गोष्ट झोपेतही ठाऊक असते. छापखान्याने पुस्तकात मध्येच एक कोरं पान घातलं की तिथून पुढची प्रत्येक नोंद एका पानाने सरकते. वाचून काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. प्रत्येक आकडा जिथल्या तिथे, स्वच्छ, आणि प्रत्येक आकडा खोटा.

बाबा सत्तावीस मार्चला गेले आणि एकतीस मार्चला त्यांची कौन्सिल गेली. इतकी वर्षं आमच्याकडे दोन कौन्सिल होत्या, एक डिस्ट्रिक्टची आणि तिच्यावर काउंटीची. कचरा, घरं, बागा आणि मेलेले हे डिस्ट्रिक्टकडे. रस्ते, शाळा आणि म्हातारे हे काउंटीकडे. बाजारात म्हणत की खड्डा काउंटीचा आणि खड्ड्यातला कचरा डिस्ट्रिक्टचा, म्हणून दोन्ही तिथंच राहतात. आता पाच डिस्ट्रिक्ट आणि एक काउंटी मिळून एकच कौन्सिल होणार होती, एकच दार, एकच फोन नंबर. रुग्णालयात बाबांच्या पलंगावर त्याचं पत्रक पडलेलं होतं. "एक एप्रिलला?" ते म्हणाले होते. "दुसरा दिवस नव्हता मिळाला?" एकदा त्यांनी असंच सगळं बदलताना पाहिलं होतं. चौऱ्याहत्तर साली गावची छोटी कौन्सिल मोडून डिस्ट्रिक्ट झालं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि दफनभूमीच्या अकरा वह्या त्यांनी ढकलगाडीतून नव्या कचेरीत नेल्या होत्या. "वह्या गेल्या," ते सांगायचे, "पण कबरी तिथंच राहिल्या. हे वरच्या लोकांच्या लक्षात यायला आठ वर्षं लागली." आईला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या जागेवर त्यांनी काही लावलं नव्हतं. ड विभाग नुसत्या गवताचा. तिथं दगड लावायचा नाही, कुंडी ठेवायची नाही, फक्त गवतात बुडालेली सिमेंटची एकेक खुंटी आणि तिच्यावर नंबर. आणि या हिवाळ्यात, सगळं नव्या कौन्सिलच्या हवाली करायच्या आधी, गवत कापायच्या यंत्राला आडव्या येतात म्हणून त्या खुंट्या उपटल्या होत्या. हे बाबांनीच मला फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हा भाजी चिरत होते. मी म्हटलं, "मग तुम्हाला जागा कशी कळणार?" ते म्हणाले, "मला?" आणि हसले, आणि मग खोकला आला.

मी डोळे मिटून आईचं दफन आठवायला बसले. नोव्हेंबर, ओलं गवत, माझे चुकीचे बूट. पाद्र्याच्या झग्याला चिकटलेलं एक पान. आणि खुंट्या. मला बाराची खुंटी दिसली, तिच्या लगेच पलीकडे चौदाची, आणि मधे काही नाही, जागासुद्धा नाही. पण मी खरंच पाहिलं होतं, की आता मला हवं म्हणून दिसत होतं? मी पुन्हा पाहिलं. या वेळी बाराच्या आणि चौदाच्या मधे गवताची एक रिकामी पट्टी होती, माणूसभर रुंद, आणि ती इतकी स्पष्ट होती की तिच्यावरचं दवही दिसलं. म्हणजे दोन शक्यता होत्या. नुसता आकडा गाळला असेल, तर आई रांगेत तेराव्या जागी होती आणि तिचं नाव चौदा होतं. किंवा आकड्याबरोबर जागाही सोडली असेल, तर ती चौदाव्या जागी होती आणि सगळं ठीक होतं. लहानपणी मी तीन पावलं टाकून बारा म्हटलं आणि पुढची तीन पावलं टाकून चौदा, मधे न बोलता चाललेली तीन पावलं नव्हती. नव्हती ना? मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात चालून पाहिलं. बावन्न वर्षांच्या बाईच्या पायांनी पाच वर्षांच्या मुलीची पावलं मोजता येत नाहीत.

कौन्सिलच्या फोनवर बेथनी नावाची मुलगी होती. आवाज प्रेमळ होता, मागे दुसरे वीस प्रेमळ आवाज होते. मी तिला तारीख सांगितली, नाव सांगितलं, विभाग, रांग, कबर. तिने सगळं वाचून दाखवलं.

"अगदी बरोबर आहे मॅडम. ड, सात, चौदा. बुधवारी सकाळी खणणार आहेत."

"तुमच्यासमोर नकाशा आहे का? त्या रांगेत तेरा नंबर आहे?"

"एक मिनिट हं. आमचं सगळं नवीनच आहे ना." टकटक. "हो, आहे. तेरा आहे."

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही. रिकामा दाखवतोय." पुन्हा टकटक. "उपलब्ध आहे. तुम्हाला शेजारचा घेऊन ठेवायचा होता का? तसं असेल तर मी अर्ज पाठवते. बरेच लोक घेतात, जवळजवळ राहावं म्हणून."

पलीकडून ती "मॅडम? मॅडम?" म्हणत होती, आणि मला फक्त तिच्या पडद्यावरचा तो पांढरा चौकोन दिसत होता, स्वच्छ, कुणीही घ्यावा असा, आणि त्याच्या खाली सात फुटांवर माझी आई. शेवटी मी विचारलं की हा नकाशा कुणी केला. तिला ठाऊक नव्हतं. जुन्या वह्या कुठे आहेत? त्या पेट्यांत भरून गोदामात गेल्यात, टप्प्याटप्प्याने त्यांचे फोटो घेतले जातील. माझी तक्रार नोंदवू का? पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर येईल. मंगळवार दुपार होती. मी म्हटलं, नोंदवा. तिने मला सोळा आकडी नंबर दिला आणि मी तो वेड्यासारखा दोनदा लिहून घेतला.

बुधवारी मी साडेनवाला हॅरोबीच्या फाटकाशी गाडी लावली. फाटकावरच्या पाटीवर जुन्या कौन्सिलचं नाव होतं तिथे निळं प्लास्टिक चिकटवलं होतं आणि वाऱ्याने त्याचा कोपरा सुटून फडफडत होता. चॅपलच्या मागे ड विभाग उताराला लागतो. तिथे एक माणूस पाठमोरा उभा होता, नारिंगी जाकीट, जवळ पिवळं छोटं खोदयंत्र. त्याच्या पायाशी गवताची चामडी सोलून गुंडाळून ठेवली होती, चटईसारखी. खाली काळी माती दिसत होती, दारासारखी लांबट. मी धावले. पन्नाशीनंतर बाईने दफनभूमीतून धावणं चांगलं दिसत नाही, पण मी धावले.

"अहो, अहो बाई, सावकाश," तो वळून म्हणाला. "इथे कुणालाच घाई नसते."

त्याचं नाव वेन मेटकाफ. चाळिशीचा, रुंद, नाक उन्हाने सोललेलं. तो शेजारच्या डिस्ट्रिक्टमधला होता. ती पण मोडली, म्हणून आता त्याला पाच गावांच्या दफनभूमी होत्या. इथला जुना माणूस मार्चअखेर निवृत्ती घेऊन स्पेनला गेला होता. वेनने मला टॅब्लेट दाखवला. नकाशावर निळा ठिपका धडधडत होता, आणि ठिपका चौदावर होता.

"मी हिरवळच काढलीय अजून," तो म्हणाला. "तुम्ही कोण, मुलगी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तेरासुद्धा, फक्त मिस कॉथर्न सोडून. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने यंत्राच्या मागून एक लांब लोखंडी सळई काढली, तिला वर आडवी मूठ होती. जिथे हिरवळ काढली होती तिथे त्याने ती दाबली आणि तिच्यावर भार टाकला. सळई हळूहळू खाली गेली. मग तो डावीकडे सरकला, तेराव्या जागी, रिकाम्या चौकोनावर. मला त्याला थांबवावंसं वाटलं. सळई तिथेही तशीच गेली, लोण्यात गेल्यासारखी नाही, पण अडली नाही. तो आणखी दोन पावलं पुढे गेला, रांगेच्या बाहेर, आणि तिथे दाबली तेव्हा ती हातभर जाऊन खटकन थांबली.

"ही न खणलेली माती," तो म्हणाला. "आणि त्या दोन्ही खणलेल्या. म्हणजे तुमच्या तेरात कोणीतरी आहे."

"माझी आई आहे."

"असेल." तो सळई पुसत होता. "पण सळईला नाव वाचता येत नाही, बाई. मी वर फोन केला आणि सांगितलं की रिकाम्या जागी माणूस निघाला, तर काय होणार ठाऊक आहे? सगळं थांबवणार. चौकशी. महिना, दीड महिना. तुमचे वडील तोपर्यंत फ्रिजमध्ये." मग तो ओशाळला. "माफ करा. आम्ही असंच बोलतो."

"तुमच्या मते काय?"

"माझ्या मताला कोण विचारतं? गेल्या महिन्यापर्यंत निदान माझा साहेब कोण ते मला ठाऊक होतं." त्याने त्या काळ्या लांबट मातीकडे पाहिलं. "ही कुणाची असेल मग? तुमच्या हिशेबाने?"

माझ्या हिशेबाने ती पंधरा होती. पंधरा कुणाची ते मला ठाऊक होतं, कारण आईनंतर तीन महिन्यांनी ती भरली तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं होतं: एनिड पिकर्सगिल. मी नाव सांगितल्यावर वेन म्हणाला की त्या कबरीचा हक्कदार जिवंत असेल आणि त्याने इथे उभं राहून माझी जागा ही असं सांगितलं, आणि मीही सही केली, तर जागा दुरुस्त करायचा एक फॉर्म आहे. दोन वाजेपर्यंत. दोननंतर त्याला पलीकडच्या गावात दुसरं काम होतं.

एनिडच्या नवऱ्याच्या घराकडे टेकडी उतरताना मी विचार करत होते की म्हातारा गेला असेल तर. किंवा असेल पण त्याला काही आठवत नसेल तर. किंवा, आणि हा विचार आला तेव्हा मला गाडी बाजूला घ्यावी लागली, त्याला सगळं नीट आठवत असेल आणि तो म्हणेल, नाही पोरी, माझी एनिड आणखी एक जागा पलीकडे, तुझा बाप एकोणीस वर्षं परक्या बाईशी बोलत उभा राहायचा. चुकायचा त्यांना काय अधिकार नव्हता? ते मोजत होते, पण मोजणारा माणूस दुःखात असतो तेव्हा दीड पावलाचं पाऊण होतं. आई गेली त्या वर्षी बाबा घराच्या जिन्यावरही अडखळायचे. मी लीड्सहून यायचे, डबे भरून ठेवायचे, परत जायचे. एकदाही त्यांच्याबरोबर इथे वर आले नव्हते. त्यांनी एकदा विचारलं होतं, येतेस का, आणि मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी, काम आहे. काम होतं खरंच. कुठल्याशा सेनापतीच्या पत्रांची सूची होती, सहाशे पानं, आणि त्या सहाशे पानांत कोण कुठे आहे ते मला आजही सांगता येईल.

पिकर्सगिलच्या घराचं दार चार बोटं उघडलं.

"कोण?"

"लॉरेन. क्लिफ औथवेटची मुलगी."

"कौन्सिलवाल्याची? तो तर गेला ना?"

"हो. उद्या दफन आहे."

"मी येणार नाही." दार मात्र मिटलं नाही. "तुझ्या बापानं माझं भिरभिरं दोनदा कचऱ्यात टाकलं. दोनदा! एनिडला भिरभिरी आवडायची. समुद्रावर गेलो की आधी भिरभिरं. तर हा म्हणतो, नियम आहे, गवतात काही लावायचं नाही. मी म्हटलं, नियम स्वतःच्या बायकोला लाव. तर म्हणतो, लावलाय. शेजारीच आहे, बघून घे."

मला हे ठाऊक नव्हतं. मी त्या चार बोटांच्या फटीसमोर उभी राहिले. मी म्हटलं की खुंट्या काढल्यामुळे नव्या लोकांना जागा नक्की कळत नाहीये आणि तुम्ही दाखवाल का. हिरवळ काढलीय हे मी सांगितलं नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते दारात उभं राहून सांगता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तो आलाच नाही तर काय, ही भीती होती.

"खुंट्या काढल्या ते मला माहितीय," तो कोट घालत म्हणाला. "मला खुंटी कशाला? मी बत्तीस वर्षं बस चालवली पोरी. पुढचं दार खांबासमोर. एक फूट पुढे नाही, एक फूट मागे नाही. तू नुसती चालव, मी सांगतो कुठं थांबायचं."

गाडीत तो गिअर बदलताना माझ्या हाताकडे बघत होता आणि दोनदा नापसंतीने जिभेने आवाज केला. फाटकावरचं प्लास्टिक बघून म्हणाला, "नवं नाव? पत्र आलं होतं. मला वाटलं विमा कंपनी आहे." चालताना त्याने माझा दंड धरला. हात हलका होता, कोरड्या पानासारखा, आणि मला वाटलं की हा वाऱ्याने उडाला तर मी कुणाला विचारणार. मी आता कुणाला विचारणार, हा प्रश्न मला गेले सोळा दिवस जिथे तिथे पडत होता, बॉयलरबद्दल, एखाद्या मावशीच्या आडनावाबद्दल, पण तो इतका उघडावाघडा कधी समोर आला नव्हता. इथे एक म्हातारा होता, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि त्याच्या डोळ्यांवर माझे आईवडील एकत्र राहणार की नाही ते ठरणार होतं.

वेनने टोपी काढली. पिकर्सगिलने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो रांगेच्या वरच्या बाजूने चालू लागला, जमिनीकडे न बघता. डोळे चॅपलकडे होते. "त्या पन्हळाचा पाईप," तो पुटपुटला, "आणि मागे पाण्याच्या टाकीचा डावा पाय. पाईपच्या मागे पाय लपला की..." तो छोटी छोटी पावलं टाकत होता. बारावी जागा गेली. तेरावीवर तो थबकला, आणि मी वेनकडे पाहिलं. पण तो फक्त दम घेत होता. मग त्याने आणखी पाऊल टाकलं, आणखी एक, मान थोडी कलती केली, थांबला, आणि खाली पाहिलं.

त्याच्या बुटांच्या टोकाशी काळी माती होती.

तो ओरडला नाही. त्याने माझा दंड सोडला आणि दोन्ही हात पुढे धरले, कुणाचं तरी पांघरूण सरकलं असावं आणि ते सारखं करायचं असावं तसे. "हे कुणी उघडलं?" तो म्हणाला. "हिला कुणी उघडलं?"

"फक्त वरचं गवत आहे, आजोबा," वेन घाईने म्हणाला. "खाली हात लावलेला नाही. शपथ. आत्ता परत लावतो."

"मी अजून मेलो नाही! तुम्ही हिला कशाला उघडता?"

वेन गुडघ्यांवर बसला आणि ती चटई उलगडून जागच्या जागी बसवायला लागला, हातांनी, कडा दाबत. मी पिकर्सगिलची माफी मागितली. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, असं म्हणाले. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. बराच वेळ तो वेनचे हात बघत राहिला. मग त्याने डावीकडे मान वळवली.

"तुझा बाप तिथं उभा राहायचा," तो म्हणाला. "माझ्याकडे पाठ करून. रविवारी सकाळी. भिरभिऱ्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. पण मला उशीर झाला तर तो थांबायचा. मी आलो की मग जायचा."

"नक्की तिथं? त्याच्या पलीकडे नाही?"

"पलीकडे कसा? त्याच्या कोटाचा वास यायचा मला. डांबराच्या गोळ्यांचा."

वेनने टॅब्लेट पुसून फॉर्म काढला. जागेची खात्री कशावरून, असा रकाना होता. दगड, खुंटी, नकाशा, इतर. त्याने 'इतर' दाबलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "बस ड्रायव्हर." पिकर्सगिलने बोटाने सही केली, मग म्हणाला ही माझी सही नव्हे, आणि पुन्हा केली. मी केली. मग वेन म्हणाला की एनिडच्या कबरीसाठी पुढचा संपर्क कोण, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. पर्थला एक पुतण्या होता, पण त्याचा पत्ता दोनदा बदललेला. म्हाताऱ्याने कोटाची कॉलर वर केली. वाऱ्याने त्याचे केस उभे राहिले होते. तो काय मोजतो आहे ते मला दिसत होतं: वेन आज आहे, उद्या आणखी कुठली कौन्सिल, आणखी कुठला निळा ठिपका, आणि तो स्वतः तेव्हा बोलू शकणार नाही.

"हिचं नाव घाल," तो म्हणाला.

"नातं?"

"हिची आई माझ्या बायकोच्या शेजारी आहे ना? मग शेजारी लिही." आणि माझ्याकडे न बघता, "पन्हळाचा पाईप. टाकीचा डावा पाय. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. त्याने दोनदा म्हणून घेतलं.

मी त्याला गाडीत बसवून हीटर लावून परत आले तेव्हा वेन खड्ड्याच्या कडांना लावायच्या फळ्या आणायला निघाला होता. "जरा इथं उभ्या राहा," तो म्हणाला, "अगदी मधोमध. मी आलोच," आणि उतारावरून गेला. मी तेराव्या जागी उभी राहिले. गवत सगळीकडे सारखं होतं. डावीकडे बघितलं, सारखं. उजवीकडे एनिडच्या शिवणी अजून दिसत होत्या, पण एक पाऊस पडला की त्याही जाणार. पाईप होता. टाकीचा पाय होता, पण तो एनिडच्या जागेवरून लपायचा. इथून तो पाईपच्या बाजूला बोटभर दिसत होता, आणि ते बोटभर किती, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. या क्षणी सगळ्या जगात ही जागा कुठे आहे ते फक्त माझ्या दोन बुटांना ठाऊक होतं. बाबा असेच उभे राहत असतील का? मला नेहमी वाटायचं की ते तिच्याशी बोलायला जातात. आता वाटलं, कदाचित ते फक्त जागा धरून ठेवत असतील, आठवड्यातून एकदा, पाठ वळवून, पाय किंचित फाकवून, कुणीतरी खूण करीपर्यंत. माझी पोटरी दुखायला लागली. मी भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकायलाही धजले नाही.

वेन फळ्या घेऊन आला आणि त्या खाली टाकल्या. "झालं. आता सरका, बाई."

"आधी खूण करा."

"मला कळलंय कुठं ते."

"आधी करा. मी उभी असताना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चार सळया आणल्या आणि हातोड्याने एकेक ठोकायला लागला, दोन माझ्या पुढे, दोन मागे. प्रत्येक ठोका माझ्या टाचांतून वर आला. मग त्याने नारिंगी दोरी काढून चारही बाजूंनी ओढली आणि गाठ मारली, आणि मी त्या दोरीच्या आत राहिले.

"आता?" तो म्हणाला.

मी एक पाय उचलून दोरीपलीकडे ठेवला. दुसरा उचलायला खूप वेळ लागला. वेन फावड्यावर हात ठेवून थांबला होता आणि त्याने घाई केली नाही.